चुली किती?

एका शब्दापायी इंदूबाईनं सहाशे फूट जमीन घालवली. शब्द तरी कोणता? 'एकच'. शिवी नाही, शाप नाही, साधा एकच शब्द. आणि तोही छाती फुगवून म्हटलेला.

नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावापलीकडे चिंचटोली नावाची बस्ती होती. बांबूच्या तट्ट्याच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर कवेलू, आणि ज्यांना कवेलूही परवडत नव्हते त्यांच्या डोक्यावर डांबराचे डबे ठोकून केलेले पत्रे. जमीन एका जुन्या मालगुजाराची. मालगुजार कधीच मेला. त्याचे नातू मोठ्या शहरांत जाऊन बसले आणि जमीन भाव चढायची वाट बघत पडून राहिली. भाव चढतच होता हो! चढणार नाही तर काय? शहरात माणसं येत होती, जमीन काही पिल्लं घालत नव्हती. शहात्तर साली कायदा झाला, की शहरात कोणी एकट्यानं वाटेल तेवढी मोकळी जमीन अडवून बसायचं नाही. मग तीन वर्षं कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले, आणि एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात बातमी आली. चिंचटोली उठणार नाही. जिथे आहे तिथेच प्लॉट पाडून, नळ देऊन, घरोघरी पट्टा मिळणार.

पट्टा म्हणजे ज्याच्या नावाचा कागद त्याला कोणी हाकलू शकत नाही. ही बातमी ऐकून चिंचटोलीतल्या म्हाताऱ्या रडल्या, यात नवल नाही. शेजारच्या टोलीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्या लोकांना ट्रकात भरून कन्हानच्या वाटेवर नेऊन सोडलं होतं. तिथे प्लॉट मोठे होते, हवा चांगली होती, फक्त काम नव्हतं. रोज दहा-बारा मैल सायकल मारून शहरात कोण येणार? वर्षभरात अर्धे लोक प्लॉट विकून परत आले आणि पुन्हा झोपड्या बांधून बसले.

इंदूबाई रेजा होती. रेजा म्हणजे बांधकामावर डोक्यावरून विटा आणि सिमेंट-रेतीचा मसाला वाहणारी बाई. तीस वर्षं तिनं धंतोलीत, रामदासपेठेत लोकांचे बंगले उभे केले. वास्तूच्या दिवशी तिला पत्रावळीवर जेवण मिळायचं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच घराचं फाटक तिला बंद. तिचा नवरा देवाजी मिस्त्री होता. तो जाऊन सहा वर्षं झाली होती. थोरला आनंदराव बापासारखाच मिस्त्री, त्याची बायको सिंधू. धाकटा भैय्याजी वेल्डिंगच्या दुकानात, त्याची बायको प्रेमिला. वर पाच पोट्टे. दहा माणसं, एक खोली आणि पुढची छपरी. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्याच भिंतीखाली चूल.

त्या चुलीचा इंदूबाईला भारी अभिमान. कारण होतं. लग्नानंतर उमरेडकडच्या सासरी थोरल्या जावेनं एका भर दुपारी तिचा तवा अंगणात भिरकावला होता. "तुही चूल तू पाह्य," असं म्हणून दार लावून घेतलं होतं. तेव्हा देवाजी आणि ती, पोटात आनंदराव, चालत नागपूरला आले होते. त्या दिवशी तिनं ठरवलं, आपल्या घरात चूल फुटू द्यायची नाही. आणि तिनं ती फुटू दिली नाही. दोन सुना एका चुलीवर रांधायच्या, आणि भाजी उतरायच्या आधी एक वाटी सासूपुढे यायची. "माय, मीठ पाह्य वं." इंदूबाई बोट बुडवून चाखायची. तिनं मान हलवल्याशिवाय या घरात कालवण उतरलं नाही.

तर अशा या बाईच्या दारात मे महिन्याच्या ऐन उन्हात कृष्णकांत आला. हा मोजणीच्या हापिसातला कारकून. डोक्याला ओला रुमाल, लू लागू नये म्हणून खिशात कांदा, काखेत रजिस्टर. नाव विचारलं, माणसं विचारली, मग नाकावरचा चष्मा सावरत विचारलं, "चुली किती?"

इंदूबाईनं पदर खोचला. "एकच! लिहा बाबू, मोठ्या अक्षरात लिहा. या घरात दुसरी चूल पेटली नाई, अन् मी जिती हाय तोवर पेटनार नाई."

कृष्णकांतनं लिहिलं आणि पुढच्या दाराशी गेला. तिथे कौसल्या राहायची, नवरा गणपतराव, लेकरू आणि सासू पार्वतीबाईसोबत. सासू-सून दहा वर्षं भांडत होत्या. एकाच खोलीत दोन कोपऱ्यांत दोन चुली, आणि मधे जमिनीवर कोळशानं ओढलेली रेघ. रेघ पुसली गेली की पुन्हा ओढायच्या.

"चुली किती?"

"दोन!" दोघी दोन कोपऱ्यांतून ओरडल्या. दहा वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

आठ दिवसांनी विहाराच्या भिंतीवर यादी लागली. आनंदराव ती वाचून घरी आला, पाणी प्यायला, आणि गडवा खाली ठेवला.

"माय," तो म्हणाला, "चुलीमागे एक प्लॉट हाय. आपल्याले एक भेटला. कौसल्याच्या घरी दोन."

"कौसल्याले दोन? काहून?"

"तिनं दोन चुली सांगतल्या न."

इंदूबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. म्हणजे भांडणाऱ्याला बाराशे फूट आणि गुण्यागोविंदानं राहणाऱ्याला सहाशे? असा कुठला न्याय बाप्पा! पण यादी भिंतीवर होती, आणि यादीला कोण बोलणार?

दुसऱ्या दिवशी भैय्याजी नेहमीसारखा दुकानात गेला. पण आजवर झोपडी कोणाच्याच नावावर नव्हती, म्हणून ती सगळ्यांची होती. उद्या आनंदरावाच्या नावाचा कागद येणार, म्हणजे भैय्याजी भावाच्या घरात पाहुणा. दुसरीकडे खोली घ्यावी तर भाड्याआधी पगडी मागायचे, आणि ती पगडी वेल्डरच्या पोटाला चिमटे काढूनही जमली नसती. चार दिवसांनी जेवताना तो खाली मान घालून म्हणाला, "माय, खापरखेड्याले बिजलीघरात वेल्डर पाहिजेत. राहाले शेड देते म्हनते. प्रेमिलाले अन् पोराइले घेऊन जाईन म्हनतो."

इंदूबाईनं हातातला घास ताटात ठेवला. जी चूल फुटू नये म्हणून आपण जन्मभर जपली, तीच आता लेकाला घराबाहेर काढते आहे, हे तिला लख्ख दिसलं. त्या रात्री तिनं कालवणाचं मीठ पाहिलं नाही. पुढे आलेली वाटी तिनं हातानं परत सारली.

हरकती सांगायला पंधरा दिवसांची मुदत होती. कौसल्या कुंपणावरून सल्ला देऊन गेली, "तुमी बी भांडा न वं! दोन दिवस भांडा, दोन चुली करा, झालं." सिंधू आणि प्रेमिलानं तेही करून पाहिलं. सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात सिंधू ओरडली, "तू माही साडी काहून नेसली?" प्रेमिलानं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला हसूच फुटलं. मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून अशा हसल्या, की डोळ्यांत पाणी आलं. प्रेमिलाच्या डोळ्यांतलं लवकर थांबेना.

शेवटी इंदूबाईनं स्वतःच माती कालवली. भुशाचं कुटार घातलं, शेण घातलं, आणि छपरीत दुसरी चूल घातली. हात सराईत होते, पण मन खात होतं. चूल थापताना तिला जावेनं फेकलेल्या तव्याचा आवाज आठवत होता.

दुसऱ्या दिवशी कृष्णकांत हरकती बघायला आला. त्यानं छपरीतली चूल पाहिली, वाकून तिला बोट लावलं. बोटाला ओली माती लागली.

"बाई," तो थकून म्हणाला, "ही कालची आहे. आज सकाळपासून बावीस ओल्या चुली पाहिल्या मी. कालच्या चुली धरू नका असा हुकूम आहे."

इंदूबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मात खोटं बोलली नव्हती, आणि बोलली तर अशी पकडली गेली. पण लाजेच्या मागोमाग रागही आला.

"हो, कालचीच हाय! मंग काय करू बाबू? आमी भांडलो नाई हा गुन्हा झाला का? तुमच्या कागदात भांडनाले जागा हाय, पिरेमाले नाई. दोन लेकं हायेत माहे, दोन संसार हायेत. चूल कायले मोजता? मानसं मोजा न!"

कृष्णकांत छपरीतल्या पाटावर बसला. सिंधूनं पाणी दिलं. तो सगळं पाणी प्यायला, आणि मग जे बोलला ते हापिसात बोलण्यासारखं नव्हतं.

"बाई, तिकडे जुन्या शहरात, महाल भागात आम्ही तिघं भाऊ दोन खोल्यांत राहतो. भाड्याच्या. आमच्याकडेही चूल एकच आहे. लोक म्हणतात, काय हो एकोपा! एकोपा कसला, जागाच नाही. मी स्वतः प्लॉट बघून आलो. दीड हजार फुटांच्या खाली प्लॉट पाडू देत नाहीत, आणि दीड हजार फूट घ्यायची माझ्या पगारात ताकद नाही. लहान तुकडा कायद्यात बसत नाही, मोठा खिशात बसत नाही."

"मंग राहावं कुठी मानसानं?"

"तेच तर. म्हणून अशा बस्त्या होतात. इथे निदान सहाशेची सूट मिळाली." त्यानं रजिस्टर उघडलं. "तुमच्यासारखी घरं मी मोजून ठेवली आहेत, कोणी सांगितलं नसताना. चुली एकशे चाळीस, पण संसार एकशे शहाऐंशी. आता जमीन काही वाढत नाही. सगळ्यांना द्यायचं तर वीस बाय तीसचा प्लॉट पंधरा बाय तीसचा होतो. आपले पाच फूट कोण सोडेल, सांगा?"

इंदूबाई जमिनीवर बोटानं रेघा ओढू लागली. तीस वर्षं पाया खणताना, सूत धरताना पाहिलेलं डोकं होतं ते. तिनं विचारलं, "बाबू, वीस फुटाच्या प्लॉटवर घर किती फुटाचं?"

"चौदा फूट रुंद. दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळं सोडायचा नियम आहे."

"अन् प्लॉट पंधराचा, पन बाजूले काईच सोडलं नाई, शेजाऱ्याची अन् आपली भिंत एकच, तं घर किती फुटाचं?"

कृष्णकांतनं आधी बोटांवर मोजलं, मग तिच्याकडे पाहिलं. "पंधरा. भिंतीची जाडी गेली तरी चौदाच्या वरच."

"हो न! तीन फुटात काय होते ते मले विचारा. सांदवाडी होते सांदवाडी! कचरा, डुकरं अन् भांडनं. हवा पुढून येते, मागून जाते. अन् भिंत एकच असली तं विटा बी अर्ध्याच. जमीन कमी, खर्च कमी, घर तेवढंच. मंग घर महाग काहून होते? आमी रेजा-मिस्त्री महाग हाओत का? त्या मोकळ्या तीन फुटाइनं होते!"

कृष्णकांत पाटावरून उठला तो जवळजवळ धावतच गेला. दुसऱ्या दिवशी निरोप घेऊन आला. साहेबांना गोष्ट पटली होती. चुलीऐवजी संसार मोजायचे, भिंती जोडायच्या, असा प्रस्ताव ते वर पाठवणार होते. पण अट होती. यादीतल्या एकूण एक घरानं सही नाहीतर अंगठा द्यायचा. एकानं जरी हरकत घेतली, तरी जुनी यादी कायम. मुदत सोमवारपर्यंत.

भैय्याजीला खापरखेड्याहून कामाचं बोलावणं आलेलंच होतं. प्रेमिलानं ट्रंक भरायला घेतली होती.

लोकांना तोंडानं सांगून उपयोग नव्हता. पाच फूट सोडा म्हटलं, की कोणाचाही हात आखडतो. मग इंदूबाईनं आनंदरावाला सांगितलं, "आनंदा, फक्कीचं पोतं आन." पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या पुडीनं रेघा मारतात, ती फक्की. रविवारी सकाळी बस्तीमागच्या मैदानात मायलेकांनी सूत धरून फक्की मारली. एका बाजूला वीस फुटांचा प्लॉट, आत चौदा फुटांचं घर, कडेला सांदवाड्या. दुसऱ्या बाजूला पंधरा फुटांची चार घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून. खोली, स्वयंपाकघर, मागे मोरी, दार कुठे, खिडकी कुठे, सगळं जमिनीवर.

"या," इंदूबाईनं हाळी दिली, "आपापल्या घरात जाऊन पाहा!"

आणि काय सांगावं, माणसं गेली! दारातूनच गेली. रेघ ओलांडून कोणी आत शिरलं नाही. एकानं खाट आणून टाकून पाहिली. एका बाईनं स्वयंपाकघरात बसून खोटी भाकर थापली. एक म्हातारा पाय लांब करून आडवा झाला आणि म्हणाला, "पाय भिंतीले लागत नाई, राजेहो!" मग लोक वीस फुटांच्या प्लॉटवरच्या घरात गेले, तिथे पावलं मोजली, पुन्हा पंधराच्या घरात आले, पुन्हा मोजली. पावलं सारखीच भरली. दुपारपर्यंत एक घर सोडून सगळ्यांच्या सह्या आणि अंगठे कागदावर पडले.

राहिली कौसल्या. यादीत दोन्ही प्लॉट गणपतरावाच्या नावावर होते, पण बायकोच्या शब्दाबाहेर जायची त्याची छाती नव्हती.

"मी नाई देत," कौसल्या कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "माहे बाराशे फूट हायेत. नऊशे काहून करू? दहा वर्स भांडली मी, तवा दोन भेटले. फुकट भेटले का?"

लोक हसले, पण हसून अंगठा मिळत नव्हता. इंदूबाई पुढे झाली. तिला कौसल्याचा राग आला होता, चांगला सणकून आला होता. तरी तिनं आवाज चढवला नाही.

"कौसल्या, माहा भैय्याजी उद्या जाऊन राहिला. ट्रंक भरून ठेवली हाय प्रेमिलानं. तुह्या बाळंतपनात तिनं तुले दहा दिवस पेज पाजली, आठोते का? तुह्या घरात चौदा फूट होते, अजून बी चौदाच हायेत. मी तुह्या घरातलं काईच मांगत नाई. तुह्या सांदवाडीतलं मांगून राहिली."

कौसल्यानं तोंड फिरवलं. पण ती निघूनही गेली नाही.

इतक्यात सगळ्यांचं लक्ष पार्वतीबाईकडे गेलं. कौसल्याची ही सासू, कानानं कमी. ती काठी टेकत टेकत रेघांच्या एका घरात शिरली होती आणि कडेच्या भिंतीच्या रेघेला टेकून उकिडवी बसली होती.

"हे कोनाचं घर वं?" तिनं ओरडून विचारलं.

"तुमचं समजा, पार्वतीबाई," इंदूबाई म्हणाली.

"अन् या रेघेच्या तिकडे?"

"तिकडे कौसल्याचं."

म्हातारीनं रेघेला हात लावून पाहिलं. पांढरी फक्की बोटाला लागली. "मंग भिंत एकच?"

"एकच."

"मंग हेच बरं हाय," पार्वतीबाई म्हणाली. "मधे सांदवाडी असली तं मी मेली बी तं हिले समजनार नाई. अठी भिंतीवर लाटनं आपटता येईन. अन् हिचा आवाज ऐकू येईन मले. दहा वर्सांची सवय हाय, एकाएकी कशी सुटन?"

कोणी हसलं नाही. कौसल्याचा कंबरेवरचा हात खाली आला. ती रेघेपाशी गेली, सासूसमोर उभी राहिली, आणि चढ्या आवाजातच म्हणाली, "मरनाची भाषा काहून करता वं सकाळपासून? जेवल्या का?" आणि उत्तराची वाट न बघता मागे वळून तिनं नवऱ्याला हाक मारली, "तुमी काय पाहून राहिले जी? द्या न अंगठा!"

गणपतरावानं इतक्या घाईनं अंगठा उठवला, की शाई कृष्णकांतच्या सदऱ्यावर उडाली.

प्रस्ताव वर गेला. वर जाऊन तो लगेच खाली आला असं मी म्हणणार नाही. सरकारी कागद आहे, त्याला त्याची चाल असते. दोन वेळा प्रश्न आले, दोन वेळा कृष्णकांतनं उत्तरं लिहिली. पण भैय्याजीनं खापरखेड्याला नाही म्हणून कळवलं, आणि प्रेमिलानं ट्रंक रिकामी करून तीत पुन्हा पोट्ट्यांची अंथरुणं ठेवली. ऐंशीच्या दिवाळीआधी पट्टे हातात पडले. एकशे शहाऐंशी.

घरं बांधली ती ज्याच्या-त्याच्या ऐपतीनं. कोणी आधी जोतं घातलं आणि वर तट्टे उभे केले, कोणी एक खोली बांधून दुसरी पुढच्या वर्षावर ठेवली. आनंदराव आणि भैय्याजीची घरं शेजारी शेजारी. आनंदरावानं विटा लावल्या, भैय्याजीनं खिडक्यांचे गज जोडले, आणि मसाला इंदूबाईनं वाहिला. गुडघे दुखत होते, सुना नको नको म्हणत होत्या, तरी तिनंच वाहिला. तीस वर्षांत पहिल्यांदा घमेलं उतरवताना तिनं "कुठी टाकू?" असं कोणाला विचारलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कृष्णकांत नवीन नोंदी करायला आला. डोक्याला ओला रुमाल, खिशात कांदा, काखेत रजिस्टर. आता महालातल्या लोकांनीही मिळून सोसायटी काढली होती, आणि जोडभिंतीच्या लहान प्लॉटांसाठी अर्ज दिला होता. तो अर्ज अजून फिरतच होता. पण सांगताना त्याचा चेहरा उजळला होता. त्यानं रजिस्टर उघडलं आणि हसत म्हणाला, "बाई, आता रेशनकार्डासाठी विचारायलाच लागतं. चुली किती?"

इंदूबाई आनंदरावाच्या स्वयंपाकघरात बसली होती. खरा आकडा तिच्या जिभेवर येईना. जावेचा तवा आठवला, देवाजी आठवला.

"दोन," ती म्हणाली. "लिहा, दोन."

कृष्णकांत लिहू लागला, आणि लिहिता लिहिता थांबला. दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत, चुलीच्या बाजूला, हातभर चौकोन मोकळा सोडलेला होता. नकाशात तो नव्हता. कृष्णकांत काही विचारणार एवढ्यात पलीकडून त्या चौकोनातून प्रेमिलाचा हात आला. हातात वाटी, वाटीत वाफाळतं वरण.

"माय, मीठ पाह्य वं."

इंदूबाईनं बोट बुडवलं, चाखलं, आणि मान हलवली.